ओळीतला शेवटचा शब्द

उमरखेडला बसस्थानकाजवळ बी-बियाण्यांच्या दुकानावर इंद्रजित सरांचा इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे. जिन्यातच सरांचा फोटो आहे. कोट, टाय, हाताची घडी. उमरखेडच्या उन्हात कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर इंद्रजित सर.

सरांना साध्या शब्दाचा तिटकारा. पोरगा 'गुड' म्हणाला की त्यांचा चेहरा कडू होतो. त्यांनी समानार्थी शब्दांच्या ओळीच्या ओळी पाठ केल्या आहेत आणि त्यांचा एकच नियम आहे. "ओळीतला पयला शब्द सोडून द्या, शेवटचा उचला. पयला सगळ्यायले येते. शेवटचा कोणालेच येत नाही."

कोणालाच न येणारा शब्द बोलून समोरच्याला काय कळणार, हा प्रश्न आजवर त्या वर्गात कुणी विचारलेला नाही. विचारणार कोण? पोरगी काय बोलली ते समजलं नाही की बापाची छाती फुगते. फी वसूल झाली, असं त्याला वाटतं.

आता हेच मराठीत करून पाहा. सोयरीक जमवताना मुलगी सडपातळ आहे म्हणा, पाहुणे पोहे खातील. मरतुकडी आहे म्हणा, चहाही न घेता उठतील. अर्थ म्हणे एकच. ही अक्कल आपल्या आजीला न शिकवता होती, पण इंग्रजीचं नाव निघालं की आपण ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

सर ऐन तारुण्यात पुण्याला गेले होते. फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी लागली होती. ग्राहक त्यांचं दुसरं वाक्य संपायच्या आत फोन ठेवायचे. वर्षाच्या आत सर परत आले. ग्राहक अडाणी होते, एवढाच धडा त्यांनी त्यातून घेतला, आणि त्याच भांडवलावर क्लास काढला.

त्यांची बायको रुपाली मुकुटबनची. डी.एड. झालेली. सकाळची लहान मुलांची बॅच तीच घ्यायची. हात दाखवून 'हँड' म्हणायची, पाणी पाजून 'वॉटर' म्हणायची, आणि मुलं बोलायला लागायची. सर याला बालिश काम म्हणायचे. जिन्यातल्या फोटोत अर्थातच ती नव्हती.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुसद रोडवरच्या एका इंग्रजी शाळेला पहिलीसाठी बाई हवी होती. रुपालीने अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं तसे सर तयारीला बसले. रुपालीचं उत्तर तयार होतं. मी हुशार आहे, गावातल्या आया मला ओळखतात, मुलांशी मी ठाम राहते. तीन साधी वाक्यं, इंग्रजीही नीट.

"हे सांगशीन त घरी पाठवतीन," सर म्हणाले. "क्लेव्हर काहून म्हणून राह्यली? कनिंग म्हण. फेमसच्या जागी नोटोरियस. अन् फर्म काय, ऑब्स्टिनेट म्हण."

"अर्थ तोच हाये ना पण?" रुपालीने विचारलं.

"एकाच ओळीत हायेत."

रुपालीला शंका होती. पण नवऱ्याचा क्लास, नवऱ्याचा कोट, नवऱ्याचं पुणं. ती पाठ करत राहिली.

मुलाखत घ्यायला मुख्याध्यापिका कोकिळा मॅडम होत्या. यवतमाळच्या, केस पिकलेल्या, आवाज हळू. त्यांनी इंग्रजीत म्हटलं, स्वतःबद्दल सांगा. रुपालीने एका दमात सांगितलं, मी कनिंग आहे, नोटोरियस आहे आणि मुलांशी ऑब्स्टिनेट असते.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मराठीत म्हणाल्या, "बाई, तुमी आत्ता मले सांगतलं का तुमी लबाड आहात, कुप्रसिद्ध आहात अन् हेकेखोर आहात. पयलीची लेकरं तुमच्या हवाली कशी करू?"

रुपालीचे कान तापले. उठून जावंसं वाटलं. पण मॅडम हसल्या नव्हत्या, म्हणून ती बसून राहिली.

"मले हे म्हणायचं नव्हतं," ती म्हणाली.

"काय म्हणायचं होतं?"

रुपालीने आपली तीन साधी वाक्यं इंग्रजीत सांगितली. मॅडमनी ऐकून घेतली. "हे कोणी बिघडवलं?"

"घरीच शिकली," एवढंच ती बोलली. नवऱ्याचं नाव काही तिने घेतलं नाही.

मॅडम तिला पहिलीच्या वर्गात घेऊन गेल्या. उन्हाळी शिबिराची मुलं बसली होती. रुपालीने बाटली उचलली, घोटभर पाणी प्यायली, बाटली पुढच्या मुलीला दिली आणि तिच्याकडून 'आय ड्रिंक वॉटर' म्हणवून घेतलं. थोड्या वेळात बाटली अख्ख्या वर्गात फिरत होती. मॅडम दारात उभ्या राहून पाहत होत्या. जूनपासून या, असं त्यांनी तिथेच सांगितलं.

घरी येऊन रुपालीने सरांना सगळं सांगितलं. लबाड, कुप्रसिद्ध, हेकेखोर, एकही शब्द गाळला नाही. दुसरा कुणी असता तर त्याने निदान त्या दिवशी जेवताना खाली पाहिलं असतं. सर वरण भुरकत म्हणाले, "मॅडमची व्होकॅब्युलरी कमी हाये. पण सिलेक्शन झालं ना? शब्दाईनंच झालं."

आठवड्याभरात गावभर पत्रकं वाटली गेली. 'आमच्या क्लासची विद्यार्थिनी इंग्रजी शाळेत शिक्षिका', खाली रुपालीचं नाव, वर तिचा फोटो. तो तिला दुकानाच्या शटरवर चिकटवलेला दिसला. ती वर गेली. मोठ्या मुलांची बॅच चालू होती.

"पत्रकावरून माह्यं नाव काढा," ती दारातूनच म्हणाली.

"काहून? खोटं हाये का त्यात?"

"हो. मी तुमची विद्यार्थिनी नाही. अन् उद्यापासून सकाळची बॅच तुमची तुमी घ्या."

सर वर्गाकडे पाहून हसले. वर्ग हसला नाही.

त्यांनी पत्रकं काढली नाहीत. सकाळची बॅच मात्र घ्यावी लागली. त्या लेकरांना ते 'वॉटर'ऐवजी 'लिक्विड' शिकवू लागले. दिवाळीपर्यंत बॅच बंद पडली, कारण घरी येऊन पोरं काय मागतात तेच आयांना कळेना. मोठ्यांचा क्लास अजून भरलेला असतो. मोठ्यांना काही मागायचं नसतं, फक्त बोलायचं असतं.

रुपाली रोज शाळेच्या बसने जाते. पहिलीची मुलं इंग्रजीत पाणी मागतात, ते त्यांना मिळतं. या जूनमध्ये दुसरीचा वर्गही तिच्याकडे आला.