चूल कोपीत की कोपीबाहेर

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की कोयते बांधून ऊस तोडायला जायचे आणि मी आष्टीत वसतिगृहात राहून शिकायची. पुढं अग्निशमन दलात निवड झाली आणि मी शहरात प्रशिक्षणाला गेले.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हातात पाण्याचा पाइप देतील. दिली मेणबत्ती. आम्हाला शिकवणारे सर निवृत्तीला आलेले, दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि विचारलं, "यात जळतंय काय?" कुणी म्हणालं वात, कुणी मेण. त्यांनी फुंकर मारली. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर निघाली. तिला त्यांनी वरच्या वर काडी लावली, तर ज्योत धुरावरून खाली उडी मारून वातीवर बसली.

"मेण जळत नाही, लाकूडही जळत नाही," सर म्हणाले. "तापलं की त्यातून वायू निघतो. जळतो तो. धूर म्हणजे अजून न जळलेलं जळण. एवढं ज्याला कळलं, त्याला माझा निम्मा विषय आला."

माझी माय आयुष्यभर चुलीत फुंकणी घालून धुराचा जाळ करत आली. तिचा निम्मा विषय कधीच झाला होता, असं मला बसल्या बसल्या वाटलं आणि मी एकटीच हसले.

मग एक दिवस त्यांनी बंद खोलीतली आग शिकवली. जळण, हवा आणि उष्णता हे तीन एकत्र आले की आग लागते. खोलीत गरम धूर आधी छताखाली साठतो, तिथून त्याची धग खाली येते. खाट, कपडे, दार, सगळं न पेटता नुसतं तापत राहतं. आणि एका क्षणी सगळी खोली एकदम पेट घेते. त्यानंतर आत कुणी वाचत नाही.

माझ्या डोळ्यांपुढं कोपी आली. ऊसतोडीला गेल्यावर राहायला घालतात ती झोपडी, चार काठ्या, वर उसाचं वाळकं पाचट आणि ताडपत्री. शिरायचं तर वाकून शिरावं लागतं. थंडीमुळं मायची चूल आतच. आणि औंदा वहिनी सहा महिन्यांची पोरगी घेऊन टोळीबरोबर निघणार होती.

मी हात वर केला. "सर, भिंती आणि छप्पर पाचटाचं असेल तर?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "तर खोली तापायची वाट बघणार नाही, बाळ."

दिवाळीच्या सुटीत घरी गेले ती एकच काम घेऊन. माय भाकरी थापत होती, वहिनी पोरीला पायावर घेऊन तेल लावत होती. मी जाऊन बसले आणि सरळ सांगितलं, "माय, औंदा चूल कोपीबाहेर मांडायची."

"कावून?"

मी कोळशानं भुईवर त्रिकोण काढला. एका बाजूला जळण, एका बाजूला हवा, एका बाजूला उष्णता. यातलं एक काढलं की आग विझते, असं सांगितलं.

"हे शिकवाया सरकारनं तुला इतक्या लांब न्येलं व्हय?" माय म्हणाली. वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मग मी पाचटाचं सांगितलं. जाड लाकूड तापायला वेळ घेतं, पाचट कागदासारखं पातळ, धग लागली की गेलं. वहिनीचा हात पोरीच्या पाठीवर थांबला. मायनं मात्र शांतपणे भाकरी उलटली.

"भाईर वारा असतो, बाई. ठिणगी उडाली तर आपली एकटीची कोपी जाईल व्हय? कोपीला लागून कोपी हाय, सगळी वळ, रांगच्या रांग जाईल. आत चूल असली तर मी तिच्या म्होरं बसल्याली असते. डोळा असतो माझा."

"डोळ्यानं आग थांबत न्हाई, माय."

हे मी जरा जोरात बोलले. ती गप्प झाली. आमच्या घरात शिकलेल्या माणसापुढं गप्प होतात. ते मला आवडलं नाही, पण मी माघारही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः अंगणात तीन दगड मांडले, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या आणि चहा ठेवला. "बघा, काय होतंय बाहेर?" मी म्हणाले. पलीकडं कडब्याची गंजी होती, पण मला ती लांब वाटली. वारा कुठून येतोय हे बघितलंच नाही. पऱ्हाटी तडतडली, ठिणग्या उडाल्या. जरा वेळानं वहिनी म्हणाली, "वन्सं, गंजी धुपतीय."

मी पाण्याला पळाले. प्रशिक्षणात अंगात तेच भिनलं होतं, आग म्हणजे पाणी. हौदाचं झाकण उघडलं तर तळाला दोन बादल्या पाणी. टँकर आला नव्हता. एक बादली भरून मागं वळले तोवर मायनं धुपणारी पेंढी ओढून मोकळ्या जमिनीवर फेकली होती, शेजारच्या दोन-तीन पेंढ्याही उपसल्या होत्या आणि गोणपाटानं ती बडवत होती.

"ते पाणी प्यायला ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

जळण बाजूला काढणं. आमच्या पुस्तकात आग विझवायच्या पद्धतींत हीसुद्धा दिलेली आहे. परीक्षेत मी ती व्याख्येसकट लिहून आले होते.

मी भरलेली बादली धरून तशीच उभी होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, ह्यात तुमी पास का नापास?" मला हसूही आलं आणि रडूही. मायनं बादली काढून घेतली, माझे दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले, कुठं भाजलं नाही ना.  

संध्याकाळी तीच माझ्याजवळ येऊन बसली, नात मांडीवर.

"आता सांग. आत बी नको, भाईर बी नको. मंग कुटं?"

तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "खड्डा घेऊ. जाळ जमिनीच्या खाली राहील, वारा वरून जाईल."

"वारा कुठल्या अंगानं येतो त्ये तिथं गेल्यावर मला सांगता येतं. त्या अंगाला मातीचा बांध घालीन, मांडीइतका."

"आणि कोप्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला पाहिजेत. चूल वळीच्या शेवटाला, खालच्या अंगाला."

"पर तिकडं ऊस नको, मोकळा रस्ता पायजे. न्हाई तर कारखान्याचा फडच पेटवू आपुन."

हे मला सुचलं नव्हतं. मी म्हणाले, "आजूबाजूचं पाचट झाडून काढायचं."

"झाडू की." मग नातीला सावरत म्हणाली, "बाकीच्या बायकांनला मी सांगते. तुझा त्रिकोण न्हाई सांगायची. गंजीचं सांगते."

दोन दिवसांनी सगळे ट्रॅक्टरवर बसून गेले. पोरीचं कानटोपीतून नुसतं नाक दिसत होतं. मी परत प्रशिक्षणाला गेले आणि तिथं महिनाभर वाऱ्याकडंच बघत राहिले.

थंडी कडक पडल्यावर एका सकाळी कवायतीच्या आधी फोन लावला. वहिनीनं उचलला आणि फोन मायच्या कानाला लावून धरला, तिचे हात पिठात होते.

"कुठं बसलीस माय?"

"खड्ड्याम्होरं. वळीतल्या बाकीच्या तिघी बी हितंच येत्यात भाकरीला."

"थंडी वाजत असंल."

"वाजती की. लई वाजती. पुढून शेक लागतो, पाठ गारठती." तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. "पर एक सांगू का तुला? कोपीत धूर न्हाई आता. बारकी असताना तू रातभर खोकायचीस, ही पोरगी खोकत न्हाई. अजून निजलीय बघ, उठलीच न्हाई."

वहिनी हळूच मायला म्हणाली, "हळू बोला की, आत्याबाई."

आम्ही तिघीही मग हळू बोलायला लागलो. मी इकडं इतक्या लांब होते, तरीसुद्धा.