बागुल मॅडमचा ओढा

"सकाळी काय खाल्लं?" मुलाखतीत बागुल मॅडमनी मला एवढंच विचारलं.

"अंडं," मी म्हणाले.

"मग आज आत पाय ठेवायचा नाही. उद्या जंगलात रानकोंबडी सापडली म्हणून आपण नाचू, आणि ती तुझ्या नाश्त्यातली निघेल."

घरून, पर्वत पाटियाहून, रिक्षा बदलत गेलेली मी तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी उपाशी गेले, तेव्हा नोकरी मिळाली.

सुरतेच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही जंगलातलं पाणी तपासायचो. जनावर ओढ्यावर येतं, पाणी पितं आणि लाळ, केस, कातडीचे कण मागे टाकून जातं. ते गाळणीत अडकवायचे, त्यातला डीएनए काढायचा आणि कोण येऊन गेलं ते ओळखायचं. लाकडासाठी लावलेल्या, पाळीपाळीने तोडल्या जाणाऱ्या सागाच्या जंगलात अजून काय काय जगतंय, हे आम्हाला शोधायचं होतं.

मॅडम सुरतेतल्याच नवागामच्या, खानदेशी वस्तीतल्या. पॉवरलूमवर काम करून वडील बहिरे झालेले, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलायचे. मॅडमची ती सवय सुटली नाही. चिडल्या की अहिराणीवर यायच्या. कुणी म्हणालं, मॅडम, निकाल जरा बरा दाखवता येईल का, की ठरलेलं उत्तर: "पानी काय तुना काका शे, तुनी बाजू लेवाले?"

नमुन्यांबरोबर एक बाटली निव्वळ शुद्ध पाण्याची असायची. तिच्यात काही सापडलं तर समजायचं, हाताळताना चूक झाली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या हेतलच्या त्या बाटलीत माणसाचा डीएनए निघाला, बहुधा तिचाच. मॅडमनी तिच्यादेखत तिचे सगळ्या पावसाळ्याचे नमुने फेकून दिले. हेतल रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "बाहेर जाऊन रड. इथे आधीच पुरेशी घाण झाली आहे." हेतल परत आली नाही.

मॅडमचा आवाज खाली यायचा तो एकाच माणसापुढे. व्यारा गावापलीकडे, सागाच्या जंगलाच्या कडेला जमनाबेन नावाची विधवा बाई राहायची. शेळ्या आणि एक म्हैस, एवढाच तिचा संसार. आम्ही गेलो की नागलीचे रोटले थापायची. मॅडम चुलीपाशी बसून खायच्या, तिच्या गुडघ्यांसाठी सुरतेहून तेल न्यायच्या. "बेन, तू तो मारी नानी बेन जेवी," जमनाबेन म्हणायची, आणि या धाकट्या बहिणीला हसू यायचं. ते हसू आम्ही प्रयोगशाळेत कधी पाहिलं नाही.

मग नव्या रोपांसाठी चराईबंदी केलेल्या भागातल्या ओढ्याचा निकाल आला. पाणमांजर निघालं, दुर्मीळ बेडूक निघाले. शेळी आणि म्हैसही निघाली.

"मॅडम, तिथे दुसरं घर नाही. ही जमनाबेनची जनावरं आहेत," मी म्हणाले.

"मला कळतं."

"तेवढी ओळ गाळली तर?"

"मग बेडूकही गाळ. पाणमांजरही गाळ. पाण्यात आहे ते लिहायचं."

मी लिहिलं. अहवालाच्या शेवटी मॅडमनी स्वतः घातलं, की ओढ्याच्या काठची झाडं तोडू नयेत.

अहवाल वनखात्याकडे गेला. त्यांनी त्यातली शेळी-म्हशीची ओळ तेवढी वाचली. जमनाबेनची जनावरं हाकलून नेली. दंड भरायला तिच्याकडे काही नव्हतं, त्यामुळे ती परत मिळाली नाहीत. उन्हाळ्यात त्यांनीच काठावरचा जुना सागही तोडला. ओढ्यात भुसा आणि चिखल साचला.

मॅडम मला घेऊन तिच्याकडे गेल्या. गोठा रिकामा होता. जमनाबेननं आम्हाला ओट्यावर बसवलं, आत बोलावलं नाही.

"अहवाल मी लिहिला," मॅडम गुजरातीत म्हणाल्या.

"खबर छे," जमनाबेन म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. मग तिनं विचारलं, "झाडं तोडणाऱ्यांचं पण पाण्यात दिसतं का, बेन?"

जमनाबेन उठली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर, सुरतेजवळ, पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांचा वास गाडीत शिरला. मग मी विचारलं, "पुन्हा असाच निकाल आला तर?"

"असाच लिहायचा."

"आणि जमनाबेनसारखी दुसरी कुणी असली तर?"

"तर तिच्याही दारात जाऊन सांगायचं. चिठ्ठी पाठवायची नाही."

पुढच्या वर्षी मॅडम सुरत सोडून गेल्या. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही शेळीची ओळ ठेवायची का?"

मी म्हणाले, "ठेव." आणि ती शेळी ज्यांची, त्यांचं घर कुठे आहे, ते विचारून घेतलं.