दोन गाड्यांची जागा

रंगाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच अर्ध्यावर उचललं होतं. पलीकडून त्यांची मुलगी सुनीता बोलत होती. "काका, भाऊ गेले पहाटे. दवाखान्यातून घरी आणतोय. तोवर आईजवळ जाऊन बसाल का?" मी शटर तसंच खाली ओढलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेलो. लीलावहिनी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. मला अशा अवेळी दारात बघूनच त्यांना सगळं कळलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "दारापातूर गाडी येईल का हो शेठ?"

मी बाहेर येऊन चार दुकानदारांच्या कानावर घातलं. नारायणगावच्या आमच्या पेठेत गाडी लावण्यावरून रोज कुणाची ना कुणाची जुंपलेली असते. पण त्या सकाळी पाव तासात रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी "दोनच मिनिटं" म्हणालं नाही. एका गाडी शिकवणाऱ्या माणसासाठी पेठेनं हे का केलं, ते सांगायचं तर आधी मला माझ्याबद्दल थोडं वाईट लिहावं लागेल.

रंगाभाऊ मूळचे पिंपळवंडीचे. शेती थोरल्या भावावर सोपवून ते तरुणपणीच इथं आले, काही वर्षं ट्रक चालवला आणि मग मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. पुढच्या बाजूला ऑफिस, मागे दोन खोल्यांचं घर. समोर आमचं भांड्यांचं दुकान. आमचे आजोबा मारवाडातून येऊन इथले झाले, त्यामुळे आमच्या घराचं आणि त्यांचं येणंजाणं दिवाळीच्या फराळापुरतं, बाकी नमस्कार-चमत्कार. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी लोकांच्या हातात पहिलं स्टिअरिंग रंगाभाऊंनी दिलं. टोमॅटोच्या पिकअप चालवणारे आज त्यांचंच नाव सांगतात, तसंच अवसरीच्या शाळेतल्या बाईही सांगतात. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही.

लीलावहिनींना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पेठेत त्यांच्या हाताची रांगोळी नावाजलेली होती. तो हात आता मांडीवर पडून असायचा. मागच्या खोल्यांत ऊन येत नाही. पुढच्या दाराला रंगाभाऊंनी उतार करून घेतला, पण उताराच्या तोंडाशीच मोटारसायकली आणि गाड्या खेटून उभ्या. खुर्ची बाहेर निघणार कुठून? दीड वर्ष वहिनी उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत. आणि त्या दारात लागणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्या माझ्या गिऱ्हाइकांच्या होत्या. मला ते दिसत होतं. त्याचं काही वाटत नव्हतं, हेही खरं.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी बघतो तर रंगाभाऊंनी जागा धरायला रात्रीच दारासमोर लावून ठेवलेल्या शिकवणीच्या दोन्ही गाड्या काढल्या आणि त्या जागी दुसरं कुणी घुसायच्या आत सतरंजी अंथरली. टोमॅटोचे रिकामे क्रेट उपडे घालून चार बैठका केल्या, आजूबाजूला तुळशीच्या आणि झेंडूच्या कुंड्या मांडल्या. मग उतारावरून खुर्ची हळूच खाली आणली. वहिनी उन्हात डोळे मिटून बसल्या होत्या. मी तावातावानं गेलो. म्हटलं, "रंगाभाऊ, हा सार्वजनिक रस्ता आहे. लोकांनी गाड्या कुठं लावायच्या?"

ते शांतपणे म्हणाले, "शेठ, या जागेत एखादी गाडी दोन तास हुबी राहिली तं तुमी काय म्हणत न्हाई. माझी बायको दोन तास बसली तं काय बिघडलं?"

मला जास्तच राग आला. दुसऱ्या दिवशी मी आणखी तीन दुकानदारांच्या सह्या घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सरपंचबाईंनी दोन्ही बाजूंना बोलावलं. मी कायदा सांगितला. रंगाभाऊंनी त्यावर वाद घातलाच नाही. म्हणाले, "शेठचं बराबर हाय. न विचारता बसलो, माझं चुकलं. आता रीतसर मागतो. महिन्यातला एक रविवार द्या, सकाळपासून दुपारपातूर. दोन गाड्यांची जागा, जास्त नको. यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या मी सोता मागच्या पटांगणात लावून देतो." परवानगी मिळाली, तीही तीन महिन्यांपुरती, बघू म्हणून. मी मनात म्हटलं, पहिल्याच महिन्यात दमेल हा माणूस.

ते दमले नाहीत. पासष्टी ओलांडलेला माणूस पेठेच्या तोंडाशी गळ्यात शिट्टी अडकवून उभा राही. "पावणं, चावी द्या, तुमी खरेदी करा," म्हणत एकेक गाडी मागे नेऊन लावी. माझं एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही. पण मला ते मान्य करायचं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यातल्या रविवारी गल्ल्यावरून समोर बघितलं तर क्रेटवर माझी आई बसली होती. आम्ही तिला बाई म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं. इतक्या वर्षांत दुकानाच्या मागच्या दारानं देवळात आणि देवळातून घरी, एवढाच तिचा रस्ता. मी गेलो तर ती मला बघून उठली नाही. वाटीत गेरू कालवला होता, दुसरीत खडूची भुकटी. डांबरावर वाकून ती बोटानं मांडणा काढत होती. तिच्या माहेरी मारवाडात सणाला अंगणात काढतात तसा, लाल जमिनीवर पांढरी वेल. बाईला हे येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "कधी शिकलीस?" ती म्हणाली, "लग्नाआधी. इथं आल्यावर अंगण कुठं होतं काढायला?"

तिची नजर अधू झालेली, त्यामुळे रेघ वाकडी जाई. लीलावहिनी खुर्चीतून सांगत, "बाई, जरा डावीकडं... बास." रंगाभाऊंनी एका काठीला खडू बांधून वहिनींच्या डाव्या हातात दिला. त्या हातानं त्यांनी मांडण्याच्या कडेला ठिपके द्यायला सुरुवात केली. पहिले पाच-सहा ठिपके कुठंच्या कुठं गेले. मग एक नेमका वेलीच्या टोकावर बसला. रंगाभाऊ शिट्टी हातात धरून रस्त्यातच थांबले होते. त्यांच्या चेहऱ्याकडं मला फार वेळ बघवलं नाही.

सोमवारी मी अर्ज मागे घेतला. पुढच्या महिन्यात सतरंजी मी अंथरली.

मग ती जागा वाढत गेली. लांबी-रुंदी तीच, माणसं वाढली. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ छोटी दुर्बीण घेऊन आले आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचं बिंब पाडून त्यावरचे डाग सगळ्यांना दाखवू लागले. एका बाईंनी क्रेट उभे रचून पुस्तकांचं कपाट केलं. शेजारचा शिंपी चिंध्यांची तोरणं करायला शिकवी. टोमॅटोच्या ऐन हंगामात दोन महिने रस्ता पिकअपनी भरलेला असे. तेव्हा रंगाभाऊ आपणहून थांबत. "हंगाम हाय, लोकांचं पोट हाय," म्हणत आणि वहिनींची खुर्ची फक्त दारापर्यंत आणत. त्यांनी कधी हट्ट केला नाही, म्हणूनच कदाचित पेठ त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही.

मंचरच्या एका गल्लीतल्या लोकांनी असाच रविवार सुरू करण्यासाठी त्यांना बोलावलं तेव्हा मीही बरोबर गेलो. त्यांनी भाषण वगैरे केलं नाही. पावलांनी जागा मोजून दाखवली आणि पहिला रविवार तिथंच शिट्टी घेऊन उभे राहिले. पुण्याहून काही मुलंमुली माहिती घ्यायला आली होती. त्यांच्याकडून कळलं की परदेशातही लोक असं करतात, एका दिवसापुरत्या गाड्या हटवून तिथं बाग करतात, चित्रं काढतात. त्यांनी विचारलं, "काका, तुमची यामागची संकल्पना काय?" रंगाभाऊ हसले. "संकल्पना-बिंकल्पना काय न्हाई राव. बायकोला ऊन पायजे व्हतं." मी शेजारी उभा होतो. या माणसाविरुद्ध आपण सह्या गोळा केल्या होत्या याची लाज आणि हा आपला मित्र आहे याचा अभिमान, दोन्ही मला एकाच वेळी वाटलं. आज लाज थोडी कमी झाली आहे. अभिमान मात्र वाढतोच आहे.

ते गेल्यानंतरचा पहिला रविवार करायचा की नाही, हे विचारायला मी वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "न करून मी काय भिंतीकडं बघत बसू?" ड्रायव्हिंग स्कूल आता सुनीता चालवते. तिनं गाड्या काढल्या, मी कुंड्या आणायला आत गेलो. बाहेर येतो तर एक अनोळखी गाडी त्या मोकळ्या जागेपाशी थांबलेली. मी पुढं झालो, तेवढ्यात चालकानं काच खाली केली. पन्नाशीचा माणूस, बहुधा ओतूरकडचा. वहिनींची खुर्ची बघून म्हणाला, "ही रंगाभाऊंची जागा ना? गाडी मागं कुठं लावू?"

मी पटांगणाकडं जाणारी अरुंद गल्ली दाखवली. गाडी नवी होती, मागचं दाखवणारा पडदा वगैरे सगळं तिच्यात होतं. तो माणूस मात्र सीटवर हात टाकून पूर्ण मागे वळला आणि मागच्या काचेतून बघत एका दमात गाडी गल्लीत घेऊन गेला. सुनीता माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊंकडं शिकलेला दिसतोय." रंगाभाऊ प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत, "आरशावर इसंबू नका. मान वळवा. मागं कोण बसलंय ते आरशात दिसंलच असं न्हाई."

तालुक्यात आता कुठंही गेलो की गाडी मागे घेणाऱ्या माणसाकडं मी बघत उभा राहतो. बरेच जण मान वळवतात.