जित्राबांची वैरण

मोठमोठे शास्त्रज्ञ पाहिले, पण अभिमानानं सांगावं असं माणूस म्हणजे वडूजच्या त्या बाई. नव्वदच्या दशकात सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढवत. कर्करोगाची गाठ चित्रात उजळून दिसावी, म्हणून त्या प्राणीपेशींकडून आम्ही गाठीला जाऊन चिकटणारे प्रतिपिंडाचे छोटे तुकडे बनवून घेत होतो. बाई पेशींना ‘जित्राबं’, म्हणजे गुरंढोरं, म्हणत आणि त्यांच्या पोषकद्रवाला ‘वैरण’. रविवारीही हजर. घरी विरजण लावणं त्यांनी बंदच केलं होतं, हातावरून जंतू बाटलीत जायला नकोत म्हणून.

तुकडे तपासणीला पाठवायच्या दिवशीच पेशींच्या बारा बाटल्यांतली एक जंतू शिरून गढूळ निघाली. बाकीच्या स्वच्छ दिसत होत्या. मी म्हटलं, त्या ठेवा.

"न्हाई सायेब. वैरणीची तीच नळी मी समद्या बाटल्यांत घातलीया. चूक माझी हाय."

आणि त्यांनी बाराही बाटल्यांत जंतुनाशक ओतलं. मी भयंकर चिडलो. त्यांनी गोठवून ठेवलेल्या पेशींपासून पुन्हा सुरुवात केली.

काही आठवड्यांनी, नवे तुकडे टोचलेल्या उंदराच्या चित्रात गाठ लख्ख उजळली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"उंदराची दिसली. आता माणसाची कवा?"

उत्तराची वाट न बघता त्या वैरण घालायला गेल्या.