नवसाबाईने जोडलेली पेटी

नवसाबाई सातपूरच्या एका लहान कारखान्यात डायोड तपासायची. तांदळाच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा मीटरला लावायचा. एका बाजूने वीज गेली आणि उलट बाजूने अडली, तर चांगला. दोन्ही बाजूंनी गेली, तर बाद.

तिचा नवरा सावळीराम दुसरीकडे प्रेस मशीनवर होता, आणि पुंजारामच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. १९७९ साली त्या मशीनने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. पाठोपाठ नोकरीही गेली. जखम भरल्यावर तो उरलेल्या बोटांत तारा छेडायची पत्ती धरून वाजवायला लागला, पण एक सूर कानात घुसायचा, तर दुसरा ऐकूच यायचा नाही.

पुंजाराम घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, "सावळीराम, जयंतीच्या कार्यक्रमापर्यंत बघू. नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

नवसाबाईने कारखान्यातल्या सुपरवायझरकडून आवाज एकसारखा करणाऱ्या सर्किटचा नकाशा मागून घेतला आणि दोन महिने रविवारी बसून पत्र्याच्या पेटीत ते जोडलं. पहिला डायोड सिलिकॉनचा होता. तो फार जोर लावल्याशिवाय उघडायचाच नाही. मग तिने रेडिओवाल्याकडून जर्मेनियमचा आणला. तो थोड्या जोरातच उघडला.

"ह्यात होतं काय?" सावळीरामने विचारलं.

"तुम्ही तार जोरात छेडली की उठणाऱ्या विजेतला थोडा वाटा डायोडमधून जातो. त्याला परत फिरता येत नाही, म्हणून पुढच्या कंडेन्सरमध्ये साठतो. साठा वाढला की आवाजाची तोटी आवळली जाते. हळू छेडलं की साठा उतरतो, तोटी उघडते."

जयंतीला सगळे सूर एकसारखे आले. पुंजारामने दुसरा माणूस शोधला नाही. सावळीराम हाताला फडकं गुंडाळून तीन वर्षं वाजवत राहिला.

१९८३ साली सिन्नरच्या कार्यक्रमात पेटीची बॅटरी मध्येच संपली. सावळीरामने गिटारची वायर सरळ अ‍ॅम्प्लिफायरला लावली. नवसाबाई बायकांच्यात बसली होती. तिला तारांची नुसती कुजबुज ऐकू आली. ती उठून स्टेजमागे गेली आणि त्याच्या हाताचं फडकं सोडून तो उजेडात धरला. तुटलेल्या बोटांची मुळं सुजून काळी पडली होती. फडक्याला पू लागला होता.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर वाजवू दिलं असतंस का?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाडात उतरलंय, सहा महिने आधी आणायचं होतं. हात मनगटापासून काढला.

घरी आल्यावर सावळीराम म्हणाला, "ती पेटी होती म्हणून तीन वर्षं मिळाली."

"ती होती म्हणून मला कळलं नाही," नवसाबाई म्हणाली. "ऐकून कळायला पाहिजे होतं. हात दुबळा पडत गेला, आणि ती तोटी उघडत गेली."

पुढचे कितीतरी महिने दोघं कामापुरतंच बोलायचे.

पावसाळ्यानंतर पुंजाराम नव्या गिटारवाल्याला, काळूला, घेऊन आला. पेटी मिळाली तर बरं, म्हणाला. सावळीरामने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "देऊन टाक."

नवसाबाईने ती पुसून काळूच्या हातात दिली. "आठवड्यातून एकदा हिच्याशिवाय वाजवत जा," ती म्हणाली, "आणि घरच्यांना ऐकायला बसव."

काळूने मान डोलावली. कशासाठी, ते त्याने विचारलं नाही.