चौथ्या बाजूची ज्वारी

ज्वारीचं बियाणं करायचं तर शेजार विश्वासाचा लागतो, हे मला कृषी खात्यानं शिकवलं. आणि त्या शेजाराचा शब्द मोडायला लागणारं बीसुद्धा त्याच खात्यानं पिशवीत भरून, वर फोटो काढून, फुकट वाटलं. आता बोला!

आमचं गाव मंद्रूपच्या पलीकडं. देवळापुढच्या मांडवात सभा भरली होती आणि गावाला नवीन आलेला कृषी सहायक बोलायला उभा राहिला. कोवळा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, दिसेल त्या बाईला ताई म्हणणारा. म्हणाला, "तुम्ही वर्षानुवर्षं घरचंच बी पेरता, म्हणून उतारा पडत नाही. सरकारला उत्पादन वाढवायचंय. गावातच सुधारित बियाणं तयार करू आणि गावानंच ते पेरायचं. हे काम बाया जास्त चांगलं करतील." शेवटचं वाक्य ऐकून बाप्यामाणसं हसली. मला काही हसू आलं नाही. मी हात वर केला.

हात वर करताना माहीत होतं की घरात तमाशा होणार. आमचे हे चिंचोळी एमआयडीसीत कामाला, राहायला सोलापुरात, भवानी पेठेत भाड्याच्या खोलीत. सुट्टीला गावी येत. लेक लग्न होऊन गेली तसा त्यांनी एकच धोशा लावला होता, रान दादाला वाट्यानं देऊ आणि तू सोलापूरला ये. दादा म्हणजे माझे थोरले दीर. मी दर वेळी काहीतरी कारण काढून टाळायची. खरं कारण एकच होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या रानात राबते, पण कुणी विचारलं, तुमचं रान कोण बघतं, तर उत्तर ठरलेलं: दीर बघतात. मग मी काय तिथं बुजगावणं म्हणून उभी होते?

यांना सांगितलं तर आधी चिडले, मग म्हणाले, "बरं. एक हंगाम. तुझं बी पास झालं तर रान तू बघ, मी शब्द काढणार न्हाय. नापास झालं तर रान दादाला आन् तू सोलापूरला यायचं."

"ठरलं," मी म्हटलं.

"मागनं रडायचं न्हाय."

"रडतंय कोण?"

आता या बियाण्याची एक अट असते. जवळपास दुसऱ्या वाणाची ज्वारी नको. वाऱ्यानं तिचा पराग उडून आपल्या कणसात आला की बी भेसळ, आणि भेसळ बी म्हणजे नुसतं खायचं धान्य. सहायक स्वतः बांधावर आला, चारी बाजू फिरून बघितल्या. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला ऊस, तिसरीकडं गायरान. चौथ्या बाजूला दिरांची पट्टी, मधे नुसता बांध. त्यानं दिरांना विचारलं, इथं यंदा काय पेरणार? दीर म्हणाले, "हरभरा टाकतो की. घरचंच काम हाय." जाऊबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या इंडीकडच्या, बोलणं निम्मं कानडी, मला तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला हातानं भरवलं होतं. मी त्यांना अक्का म्हणते. अक्का म्हणाल्या, "तंगीचं काम ते आमचंच काम." त्या दिवशी मला लई बरं वाटलं होतं. वेंधळी मी.

पेरणी झाली. माझी उगवण अशी एकसारखी झाली की जाणारा-येणारा थांबून बघायचा. दिरांची पट्टी मागाहून पेरली. कोंब वर आले तेव्हा मी बांधावर उभी होते. हरभऱ्याचं रोप मला ओळखू येत नाही होय? ती ज्वारी होती.

तडक दिरांच्या दारात गेले. दीर आणि मी समोरासमोर फारसं बोलत नाही, रीत तशी आहे, पण त्या दिवशी मी पदर खोचून उभी राहिले.

"भावजी, हरभरा म्हणाला होता तुमी."

"व्हय. पण सायबांनी बी दिलं. नवीन वाण हाय म्हणं. फुकटचं बी, न्हाय कसं म्हणायचं?"

"कुठल्या सायबांनी?"

"आपल्याच की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ग्रामपंचायतीत जाऊन त्या पोराला गाठलं. तो आधी खुर्ची पुढं करायला लागला. म्हटलं, खुर्ची राहू द्या, माझ्या बांधाला ज्वारी कुणी दिली ते सांगा. त्यानं मान खाली घातली. "ताई, मिनीकिटचं वाटप वरून आलं. नव्या वाणाच्या बियाण्याच्या पिशव्या होत्या, आठवड्यात वाटून फोटो टाकायचे होते. उद्दिष्ट पूर्ण झालं नाही तर मला नोटीस."

"पण तुमी सोता त्या बांधावर उभं राहून बघितलं हाय."

"ताई, ती योजना वेगळी, ही योजना वेगळी."

हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. दोन्ही योजना उत्पादन वाढवायच्या, दोन्ही एकाच हापिसातल्या, दोन्ही याच्याच मोटरसायकलवरून आलेल्या. एक म्हणते ज्वारी पेरू नका, दुसरी म्हणते हे घ्या, पेरा. आणि दोन्हींच्या मधे माझा वीतभर बांध. मी म्हटलं, "वारा योजना बघून वाहतो होय हो?" तो कसनुसं हसला.

पण वाटही त्यानंच सुचवली. ती पट्टी कणीस बाहेर पडायच्या आत वैरणीला कापली तर माझ्या बियाण्याला काही धोका नाही. दिरांनी लगेच मान डोलावली. "कापतो की. म्हशीला हिरवी वैरण हुईल." माझा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी यांना फोन करून सगळं सांगितलं. "तुमीबी दादांच्या कानावर घाला," म्हटलं. हे म्हणाले, "घालतो की. तू कशाला जिवाला घोर लावून घेतीस?"

मग मी माझ्या कामाला लागले. बियाण्याच्या रानात वेगळं दिसणारं ताट, म्हणजे ज्वारीचं रोप, ठेवायचं नसतं. एखादं उंच, एखाद्याचं पान रुंद, एखाद्याच्या कणसाची ठेवण निराळी, दिसलं की मुळासकट उपटून रानाबाहेर. ओळीमागून ओळ, मान वर करून चालायचं, पानं गालाला घासून चरचरतात. मी जिवाचं रान केलं. सांगते ना, माझ्या ज्वारीत परकं ताट शोधून दाखवलं असतं तर मी पाया पडले असते.

पट्टीतली ज्वारी मात्र उभीच. एक दिवस कडेच्या दोन ओळी कापलेल्या दिसल्या. म्हटलं, चला, सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर दोनच ओळी. अक्कांना विचारलं. "नाळे, तंगी, नाळे." उद्या गं, उद्या. त्यांचा तो नाळे काही उजाडेना. मी दर वेळी विचारायची, त्या दर वेळी शेणाच्या पाटीकडं बघत उत्तर द्यायच्या.

तुम्ही म्हणाल, मग तूच का नाही कापलीस? एकदा विळा घेऊन गेले होते. बांधाच्या अलीकडं थबकले. दुसऱ्याच्या उभ्या पिकाला हात लावणारी बाई गावात तोंड दाखवू शकत नाही, मग पीक सख्ख्या दिराचं का असेना. आणि खरं सांगू? दिरांनी शब्द दिलाय, यांनी भावाला सांगितलंय, असं मी धरून चालले होते. घरच्या माणसांवर तेवढाही विश्वास ठेवायचा नाही तर मग जगायचं कसं?

बियाण्याच्या तपासणीला वरचे साहेब आले तेव्हा माझी ज्वारी फुलोऱ्यात होती. वयस्कर गृहस्थ, बोलायला मवाळ. रानात आत शिरले, इकडची तिकडची कणसं हातात धरून बघितली. म्हणाले, "बाई, छान राखलंय." मी फुगले. मग ते बांधावर आले. पट्टीतली ज्वारी मागाहून पेरलेली, पण वाण लवकर येणारा; तीही फुलोऱ्यात आली होती आणि वारा नेमका तिकडून इकडं होता.

"ही कुणाची?"

"दिरांची."

"वाण?"

सहायकानं खाली बघून वाणाचं नाव सांगितलं. ते त्याला पाठच होतं, वाटप त्यानंच केलं होतं ना.

"प्लॉट बाद करावा लागेल," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "माझ्या रानात एक भेसळ ताट दाखवा."

"तुमच्या रानात नाहीच हो. तुमचं काही चुकलेलं नाही. पण बियाणं म्हणून आता हे घेता येणार नाही." एवढं बोलून ते गाडीत बसले. तुमचं काही चुकलेलं नाही! त्यापेक्षा चुकलं म्हणाले असते तर मी कुठंतरी डोकं आपटून मोकळी झाले असते.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? कणसं भरल्यावर खात्यानं त्याच पट्टीत शेतीदिन ठेवला. बांधावर फलक, चार खुर्च्या, तालुक्याची माणसं. नव्या वाणाचं कणीस किती भरदार, मिनीकिट किती यशस्वी, यावर भाषणं झाली. दिरांना शाल-नारळ दिला. मी माझ्या रानातून बघत होते. तेवढ्यात तो पोरगा माझ्याकडं आला, हळूच म्हणाला, "ताई, महिलांची संख्या कमी पडतीय. फोटोपुरतं जरा उभ्या राहता का?"

मी त्याला काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. खुर्चीवरची माणसं उठून उभी राहिली एवढं खरं. दीर शाल सावरत म्हशीकडं निघून गेले. अक्का मात्र माझ्या मागोमाग आल्या आणि गोठ्यापाशी मी त्यांच्यावर वळले.

"आणि तुमी, अक्का! तंगी तंगी म्हणून केसानं गळा कापला माझा. रान पाहिजे होतं तर मागायचं होतं. दोन ओळी कापून माझी समजूत काढायची काय गरज होती?"

अक्का आधी कानडीतच काहीतरी पुटपुटल्या. मग एकदम रडायलाच लागल्या. "ते समजूत काढायला न्हवतं गं. हे खरंच कापायला गेलते. दोन ओळी झाल्या आन् तितंच फोन आला."

"कुणाचा?"

"तुझ्या नवऱ्याचा."

"काय म्हणाले?"

"राहू दे म्हणाला. यांनी इचारलं, आरं तिचं बी जाईल की. तर पुन्ना म्हणाला, राहू दे दादा, कापू नको."

मी अक्कांना आणखी काही विचारलं नाही. दिरांचा राग आला होता, त्या पोराचा आला होता, सरकारचा तर आलाच होता. पण ते सगळे वेगळे राग होते. आपण जिथं जाऊन रडायचं, ती जागाच आपल्याला बुडवायला बसली होती, हे कळल्यावर काय येतं त्याला राग म्हणत नाहीत. दर फोनवर मी यांना एकेक सांगत होते. आज दोन ओळी कापल्यात, आता उरलेली कापतील. हे म्हणायचे, "व्हय का? बरं झालं."

सुट्टीला हे आले. मी भाकरी वाढली. नवीन ज्वारीची, आमच्याच रानातली. एक घास खाऊ दिला आणि मग विचारलं, "दादांना कापू नको म्हणून कुणी सांगितलं?"

नाही म्हणाले नाहीत. तेवढं एक बरं केलं. थोडा वेळ कालवणात भाकरी कुस्करत बसले, मग म्हणाले, "ज्वारी तर घरात आलीच की. काय बुडालं तुझं?"

"माझं काय बुडालं ते तुमाला ठावं न्हाय?"

"तितं खोलीवर एकटा माणूस काय करतो ते तुला ठावं हाय? कामावरनं यायचं, सोताच चूल पेटवायची, भिंतीकडं बघत जेवायचं. किती वर्सं म्हणतोय, ये. तुला रानाचंच लई."

हे ऐकून मला त्यांची दया आली असती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आली असती.

"मग तसं तोंडावर म्हणायचं. बी पास झालं तरी ये, मला एकटं करमत न्हाय, असं म्हणायचं."

"म्हटलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले," मी खरं ते सांगितलं. "पण सोताच्या कर्मानं हरले असते तर गुमान आले असते. तुमी मला हरूसुद्धा दिलं न्हाय."

त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं निघायचं का, असं अगदी हळू विचारलं. मी उठून पत्र्याची पेटी काढली आणि लुगडी भरायला घेतली. सगळ्या गावात, सगळ्या हापिसात, सगळ्या घरात शब्द दिलेला पाळणारी मी एकटीच उरले होते, आणि तो पाळायला मला सोलापूरला जायचं होतं.