चक्कीवरून येणारे फोन

आईचा फोन आला की तिच्या आवाजाआधी मला पट्ट्याचा आवाज ऐकू यायचा. आमच्या गावातल्या पिठाच्या चक्कीचा पट्टा. मग त्याच्यावर आवाज चढवून आई विचारायची, "जेवला का रे बाबू?"

आमचं गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात. आमची वस्ती गावाच्या मागच्या अंगाला, नाल्याकडे उतरत गेलेली. मोबाइलचा टॉवर दुसऱ्या बाजूला, फाट्याजवळ. मध्ये गावठाणाचा उंचवटा आहे, त्यामुळे वस्तीतल्या घरांत रेंज पोचत नसे. चक्की त्या उंचवट्यावर. ज्याला फोन करायचा तो चक्कीच्या ओट्यावर जायचा. मीही शाळेत असल्यापासून तेच केलं. कॉलेजची यादी लागली तेव्हा माझं नाव मी त्याच ओट्यावर फोनमध्ये पाहिलं होतं.

अमरावतीचं सरकारी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांच्या जोरावर मी इंजिनिअर झालो. घरातला पहिला पदवीधर. आता अकोल्यात जुन्या शहरात खोली करून राहतो आणि मोर्णा नदीच्या पलीकडच्या ऑफिसात जातो. मोबाइल नेटवर्कची सेवा नीट चालली आहे की नाही, हे पाहणं आमचं काम. कॉल लागतो का, मध्येच तुटतो का, आवाज स्वच्छ येतो का, हे सगळं आकड्यांत आमच्यापर्यंत येतं. नकाशावर प्रत्येक टॉवरचा भाग हिरवा, पिवळा किंवा लाल दिसतो. बाबा गवंडीकाम करतात. ते लोकांना सांगतात, "आमचा पोरगा टावरवर असते." त्यामुळे मी रोज टॉवर चढतो, असा अर्ध्या गावाचा समज आहे.

सुट्टीत गावी गेलो की मीही फोन घेऊन ओट्यावर जायचो. चक्कीवाले काका पिठानं पांढरे झालेले हात झटकत म्हणायचे, "पाहा बे, टावरवाला साहेबच आपल्या ओट्यावर येऊन बोलते!" सगळे हसायचे, मीही हसायचो. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे, असं कोणालाच वाटत नव्हतं. ऊन लागलं की सावलीत जावं, तसं फोन करायचा तर चक्कीवर जावं.

मागच्या वर्षी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली आणि हे बदललं. आठवा महिना लागला तसं तिचं बीपी वाढलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं, आणि डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब फोन करून गाडी बोलवा, असं बजावलं. पण तो फोन करायचा कुठून? चक्कीपर्यंतचा चढ तिला मना होता. तिचा नवरा, आमचे जावई, पुण्याकडे कारखान्यात कामाला. त्यांच्याशीही तिचं फोनवर बोलणं बंद झालं. मग आई निरोप घेऊन ओट्यावर जायची, पट्ट्याच्या वरताण ओरडून जावयाला सांगायची आणि उत्तर घेऊन परत यायची.

मी शनिवारी घरी गेलो तेव्हा आई नुकतीच ओट्यावरून आली होती. पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "जावई विचारून राहिले, झोप लागते का म्हणून. म्या सांगतलं, लागते."

बहीण खाटेवर कुशीवर वळून म्हणाली, "मले कुठी लागते?"

"मंग काय सांगू? चार माणसं बसून असतात तिथं. पोरगी रात्रभर जागते, असं सांगू का ओरडून?"

"काईच नको सांगू आई. तुह्या तोंडून गेलं का ते माह्यं राहतच नाई."

आई उठली. चुलीकडे जाऊन उगाच भांडी हलवत बसली. थोड्या वेळानं बहीण मला हळूच म्हणाली, "दादा, मले भेव वाटते रे. हे मी आईले नाई सांगू शकत. त्यायले सांगायचं आहे."

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी आमच्या टॉवरचा नकाशा उघडला. गाव हिरवंगार होतं. कॉल लागत होते, तुटत जवळपास नव्हतेच. मी बराच वेळ त्या हिरव्या रंगाकडे पाहत बसलो. मग लक्षात आलं, की गावातला जो तो चक्कीवर जाऊन बोलतो. जिथं रेंज आहे तिथूनच कॉल होतात, म्हणून सगळे कॉल चांगले. घरातून न केलेला कॉल कुठल्या आकड्यात येणार? रेंज मोजणारी आमची गाडीही डांबरी रस्त्यावरून जाते. ती वस्तीच्या गल्लीत शिरत नाही.

उपाय मला दिसत होता. अँटेनाचा झुकाव थोडा वर घेतला तर सिग्नल उंचवटा ओलांडून वस्तीत उतरला असता. पण फाट्यावरच्या हॉटेलांत आणि दुकानांत इंटरनेट थोडं मंदावलं असतं, आणि फाट्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. शिवाय गाव माझं. उद्या कोणी म्हणालं, यानं स्वतःच्या घराकडे अँटेना फिरवला, तर मी काय उत्तर देणार होतो?

आमच्या मॅडम मूळच्या अमरावतीच्या, मोजकं बोलणाऱ्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा पाहिला.

"हिरवं आहे की हे."

"लोक चक्कीवर जाऊन बोलतात मॅडम, म्हणून हिरवं आहे."

"तुझंच गाव ना?"

"हो."

"मग पहिल्या ओळीत तेच लिही. नंतर कोणी उकरून काढण्यापेक्षा बरं. फाट्यावर काय बिघडेल, तेही लिही. आणि घराघरात जाऊन मोजून आण. नुसत्या सांगण्यावरून मी बदल करणार नाही."

म्हणून मी मोजणीचा फोन हातात धरून आमच्याच वस्तीत दारोदार फिरलो. आंघोळ करून आलेल्या एका आजीनं मला दारात थांबवलं. "काहून रे, मतदान आलं का?" रेंज मोजतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्या घरात काय मोजतं? जे नाईच ते?" बुद्धविहाराच्या पायरीवर, अंगणवाडीच्या खोलीत, आमच्या खाटेशी, सगळीकडे फोन जवळजवळ मुकाच होता. बहीण पडल्या पडल्या हसत होती. बऱ्याच दिवसांनी ती हसताना दिसली.

मॅडमनी अहवाल वाचला आणि बदलाला परवानगी दिली. हा बदल टॉवरवर न चढता, ऑफिसातल्या खुर्चीवर बसूनच होतो. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी नकाशा उघडला. गाव पिवळं झालं होतं. तुटणारे कॉल वाढले होते. फाट्यावरचा वेगही अपेक्षेप्रमाणे जरा उतरला होता. मॅडमनी बोलावलं.

"काय करायचं? पूर्ववत करू?"

मी दोन्ही वेळचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. तुटलेल्या कॉलच्या शेजारी एकूण कॉलचा आकडा होता, आणि तो कितीतरी वाढला होता. "मॅडम, आता लोक घरातून बोलतात. पत्र्याखालून, कोपऱ्यातून. त्यातले काही तुटतात. पूर्वी ते कॉल लागतच नव्हते, म्हणून तुटतही नव्हते."

त्यांनी दोन्ही कागद पुन्हा पाहिले. "म्हणजे सेवा सुधारली आणि रंग बिघडला."

"हो."

"वर विचारतील मला. सांगेन मी. राहू दे."

मी जागेवर आलो, पण नकाशावर विश्वास ठेवून बसवेना. दुपारची वेळ होती. बाहेर जिन्यात जाऊन मी बहिणीचा नंबर लावला. आपण ज्या व्यक्तीला कॉल करत आहात ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे, असं त्या ओळखीच्या बाईनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त.

म्हणून आईला लावला. पट्ट्याचा आवाज आला नाही. मागे कोंबड्यांचा कलकलाट तेवढा होता. आई इतक्या हळू बोलत होती, की क्षणभर ती आईच आहे का, असं मला वाटलं.

"कुठं आहेस आई?"

"अंगणात बसून आहो. ती आत बोलून राहिली जावयासंगं. केव्हाची बोलून राहिली."

"काय म्हणते?"

"मले काय माईत?" आई म्हणाली. "म्या दार लोटून घेतलं."